नवमीची पिल्लं

१९६५च्या फेब्रुवारीत बंगळुरात आमच्या संस्थेत तीन दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. शरीराची प्रतिकारशक्ती परक्याशी लढते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ती स्वतःला आवर कधी आणि कसा घालते, हा परिषदेचा विषय. अकरा देशांतले लोक आले होते. वर्तमानपत्रात आमच्या सभागृहाचा फोटो छापून आला. आणि त्याच तीन दिवसांत मी आमच्या उंदीरघराच्या देवाप्पांचा संसार जवळजवळ रस्त्यावर आणला. परिषदेबद्दल कुणी विचारलं की मी फोटोचं सांगते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आमचं घर राजाजीनगरात, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी घरापुरती, उंबऱ्याबाहेर कन्नड. एम.एस्सी. करून मी डॉक्टर शेषगिरींच्या प्रयोगशाळेत लागले होते आणि त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होते. सरही आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातले, त्यामुळे आसपास कुणी नसलं की माझ्याशी मराठीत बोलत. हुशार, नीटस, विश्वासाची मुलगी असा माझा लौकिक होता, आणि खरं सांगायचं तर त्या लौकिकावर माझा फार जीव होता.

सरांचा प्रयोग समजायला अवघड नाही. काळ्या उंदराच्या कातडीचा तुकडा पांढऱ्या उंदराच्या पाठीवर बसवला, तर दहाबारा दिवसांत तो वाळून गळून पडतो. पांढऱ्याचं शरीर त्याला परका मानतं. पण पांढऱ्या पिल्लाला अगदी कोवळेपणी काळ्या उंदराच्या प्लीहेतल्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी ते तीच कातडी आपली म्हणून ठेवून घेतं. पांढऱ्या पाठीवर काळे केस उगवतात. हा कोवळेपणा नेमका कधी संपतो, एवढंच सरांना शोधायचं होतं. त्यांनी पिल्लांचे दोन गट केले. पहिल्या गटाला जन्माच्या दोन दिवस आधी, आईच्या पोटात असतानाच, सरांनी स्वतः टोचलं. दुसऱ्या गटाला जन्मदिवशी टोचायचं होतं आणि ते काम माझं होतं. पहिल्या गटानं कातडी ठेवली. दुसऱ्या गटातल्या सतराच्या सतरा उंदरांनी ती टाकली. त्यावरून सरांनी असा निष्कर्ष काढला, की आपलं कोण आणि परकं कोण हे शरीर जन्मायच्या आतच पक्कं करून टाकतं; जन्मदिवशी टोचलं तरी उशीर झालेला असतो. लेख परदेशात छापून आला, त्याची चर्चा झाली, आणि परिषद बंगळुरात भरण्यामागे तेही एक कारण होतं.

निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकला, हे सांगू शकणारी दोनच माणसं होती. एक मी आणि दुसरे देवाप्पा.

ती पिल्लं जन्मली १९६३च्या खंडेनवमीला. शनिवार होता. सर आदल्या दिवशी बैठकीसाठी दिल्लीला गेले होते. माद्या शनिवारी विणार हे ठरलेलंच होतं, म्हणून मी शुक्रवारीच नोंदवहीत ओळी लिहून ठेवल्या: जन्म २६ ऑक्टोबर, टोचणी २६ ऑक्टोबर. ही माझी नेहमीची पद्धत. सरांना वहीत खाडाखोड अजिबात खपत नसे. काम करता करता लिहिलं की खाडाखोड होते, म्हणून मी निवांतपणी आधीच लिहून टाकायचे. सर माझी वही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत.

शनिवारी सकाळी उंदीरघरात गेले, तर पिल्लं पहाटेच झाली होती, गुलाबी, अंगठ्याच्या पेराएवढी. आणि खोलीच्या मधोमध पाटावर आमच्या सिरिंजा, सुया, कात्र्या, चिमटे, सगळं ओळीनं मांडून देवाप्पांनी आयुधपूजा केली होती. हळदकुंकू, शेवंतीची माळ, दारात फोडलेला कोहळा. पिंजऱ्यांनाही हळदीची बोटं लावलेली होती. आमच्या गावात त्या दिवशी बसच्या चाकाखाली लिंबं ठेवतात, छापखाने बंद असतात, आमच्या घरी तर विळीसुद्धा पाटावर जाते आणि आई आदल्या दिवशी चिरून ठेवलेल्या भाजीवर भागवते. पूजेतलं हत्यार दशमी सरल्याशिवाय हलवायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. सिरिंज उचलायला माझा हात पुढे झाला नाही. दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं मनाशी म्हटलं आणि घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली.

सोमवारी सकाळी सतराही पिल्लांना टोचलं. वहीत तारीख आधीच पडलेली होती. ती खोडायची तर सरांना कारण सांगावं लागणार. सर दिल्लीहून आले की सांगू, निकाल लागले की सांगू, असं म्हणत राहिले. मग लेख छापून आला. विसरले असं म्हणणं सोयीचं आहे, पण मी विसरले नव्हते.

परिषदेच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी, एडिनबर्गहून आलेल्या एक बाई सरांपाशी आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज अगदी मऊ. मी सरांच्या मागेच उभी होते. बाई म्हणाल्या, तुमचा प्रयोग मी तुमच्याच पद्धतीनं करून पाहिला. जन्मदिवशी टोचलेल्या तेवीस उंदरांपैकी एकवीस उंदरांनी कातडी ठेवली. तुमची मूळ नोंदवही पाहायला मिळेल का?

बोलणं सभ्य होतं. पण शास्त्रज्ञानं शास्त्रज्ञाकडे मूळ वही मागायची म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. त्यांतल्या दोघांनी आपापल्या कपात पाहिलं. सर म्हणाले, अवश्य, आमची वही कुणालाही उघडी आहे. मग त्यांनी कप ठेवला आणि मला म्हणाले, "अहल्या, स्वल्प इकडे ये." जरा म्हणायच्या जागी स्वल्प; गडबडले की त्यांच्या मराठीत असं कन्नड शिरे.

व्हरांड्याच्या टोकाला आम्ही थांबलो. सरांचा चेहरा उतरला होता. तीस वर्षं काम केलेला माणूस. आपल्या घरी पाहुणे बोलावून त्यांच्यासमोर खोटा ठरू पाहत होता.

"दुसऱ्या गटाला तू स्वतः टोचलंस ना?"

"हो सर."

"पेशी ताज्या होत्या?"

"हो."

"जन्मदिवशीच टोचलंस?"

मला वाटतं मी श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नाही. "हो," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला; वहीत तसं लिहिलेलं होतं आणि वही माझ्या हातची होती. थोडा वेळ ते आवारातल्या झाडांकडे बघत राहिले. "सरी, ठीक," ते म्हणाले. "मग पिंजरेच बदलले असणार. धुताना साधी, न टोचलेली पिल्लं त्यात गेली असतील. दुसरं काही होऊच शकत नाही."

पिंजरे देवाप्पा धुवत. सरांनी नाव घेतलं नाही, पण दुसरं कुठलं नाव तिथे बसतच नव्हतं. मी मूग गिळून उभी राहिले.

दुपारपर्यंत ही गोष्ट त्रिविक्रमांकडे गेली. हे संस्थेचे प्रशासक. त्यांना उंदराच्या प्लीहेतलं काही कळत नसे, पण संस्थेच्या नावाला कुठून धोका आहे हे वासावरून कळे. त्यांना सरांची कल्पना फार पसंत पडली. प्रयोग बरोबर होता, नोकरानं घोळ केला, असं म्हणता आलं की सगळ्यांचीच सुटका. फक्त, ते कन्नडात म्हणाले, नुसतं म्हणून भागणार नाही, बाहेरचे लोक आलेत, लेखी काहीतरी दाखवावं लागेल आणि माणसावर कारवाई केलेली दिसावी लागेल. सरांचं भाषण परवा सकाळी दहाला होतं. तोवर कागद तयार हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंदीरघरात गेले. देवाप्पा पिंजऱ्यात दाणे टाकत होते. हे मूळचे निपाणीकडचे. संस्थेत अठरा वर्षं झालेली, निवृत्तीला दोन उरलेली. उंदीरघराच्या मागेच संस्थेनं दिलेल्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको गंगव्वा राहत. मूलबाळ नव्हतं, गावाकडे कुणी उरलं नव्हतं. नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. हे मला माहीत होतं.

"काल संध्याकाळी बोलावलं हुतं त्रिविक्रम सायबांनी," दाणे टाकणं न थांबवता ते म्हणाले. "पिंजरं बदललं म्हणत्यात मी. अठरा वर्सं पिंजरं धुतोय अक्का. एकदा बी बदललं न्हाई."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"ती पिल्लं नवमीची नव्हं?"

"हो."

"तुम्ही टोचलासा सोमवारी. मी सांगितलं की सायबास्नी. त्यांनी वही म्होरं धरली. म्हणाले, हे बघ, शनिवार लिवलाय. बाईंनी लिवलाय." त्यांनी डबा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मी म्हणालो हुतो तुम्हाला. सुई पायजे असली तर काढून देतो, कामाचीच सुई हाय, देव काय रागवत न्हाई. तुम्हीच नगो म्हणालासा."

हे खरं होतं. त्यांनी पाटाकडे हात नेलासुद्धा होता आणि मी, प्रतिकारशक्तीवर प्रबंध लिहिणारी, त्यांना अडवलं होतं. हे मी स्वतःशीदेखील बोलत नसे.

"उद्या धाच्या आत सही मागितल्यात," देवाप्पा म्हणाले. "सही केली तर आठ दिवस खोली ऱ्हातीया. न्हाई केली तर उद्याच सोडा म्हणत्यात. काय करू सांगा."

"सही करू नका. मी आज सरांशी बोलते."

"बोला की," ते म्हणाले, आणि पुन्हा डबा उचलला.

मी बोलणार होते. दुपारी पाहुण्यांना लालबाग दाखवायला नेलं, तेव्हा सरांनी मला आपल्याच गाडीत घेतलं. काचघरापासून तळ्याकडे जाताना बाकीचे पुढे गेले आणि आम्ही दोघंच मागे राहिलो. याहून चांगली वेळ मिळाली नसती. वाक्य तयार होतं: सर, देवाप्पा खरं बोलतात. एवढंच म्हणायचं होतं.

सरच बोलले. "देवाप्पा काय म्हणतो ऐकलंस? म्हणे तू सोमवारी टोचलंस. पूजा होती म्हणून." ते थकल्यासारखे हसले. "माणूस घाबरला की काय वाटेल ते बोलतो. मला त्याचा राग नाही. अठरा वर्षं चांगलं काम केलं त्यानं. वाईट वाटतं."

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही असेल. पण सरांनी गोष्ट आधीच मांडून टाकली होती, आणि त्या गोष्टीत मी शहाणी होते आणि तो घाबरलेला होता, आणि त्या जागेवरून मला उठवेना. तेवढ्यात एडिनबर्गच्या बाई मागे वळून आमच्याकडे आल्या. त्यांनी सकाळी वही पाहिली होती. म्हणाल्या, इतकी स्वच्छ नोंदवही मी फार वर्षांत पाहिली नाही, ही तुमची का? मी हो म्हणाले. सर अभिमानानं माझ्याकडे पाहत होते. मला माझी किळस आली, आणि तरीही मी बाईंचे आभार मानले.

संध्याकाळी घरी अण्णा, म्हणजे माझे वडील भीमाचार्य, ओसरीवर पंचांग बघत बसले होते. घरातल्या रीतीभातींचा शेवटचा शब्द त्यांचा. मला कुठेतरी थोडा आधार हवा होता. आपण केलं ते चूक असलं तरी धर्माला धरून होतं, असं कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं.

"अण्णा," मी विचारलं, "नवमीला वैद्यानं पूजेतली सुरी उचलली तर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय, रोग्यानं दशमीपर्यंत वाट बघायची? नमस्कार करायचा आणि उचलायची. एवढं काय विचारतेस?"

काही नाही, म्हटलं. आई बनशंकरीच्या देवळातून आली होती. तिनं पानं घेतली. मी जेवले नाही. तिनं काय झालं विचारलं तर परिषदेची दगदग म्हणाले. तोपर्यंत खोटं बोलणं मला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी साडेनऊला मी संस्थेत पोचले. सरांच्या भाषणाला अर्धा तास होता. त्रिविक्रमांच्या खोलीबाहेरच्या बाकावर देवाप्पा बसले होते. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, मांडीवर एक टंकलिखित कागद. मला पाहून ते उठले. काल सरांशी बोललात का, असं त्यांनी विचारलं नाही. मी बोलले असते तर तो कागद त्यांच्या हातात नसता, हे त्यांना समजत होतं.

"इंग्रजीत हाय," ते म्हणाले. "सही करायची तर काय लिवलंय ते कळाय पायजे. तेवढं वाचून सांगा अक्का."

मी कागद घेतला. एकदा मनात वाचला. मग मराठीत सांगायला लागले, कारण दुसरं काय करणार. "मी, देवाप्पा, उंदीरघराचा नोकर, असं लिहून देतो की ऑक्टोबर १९६३ मध्ये पिंजरे धुताना..."

"म्होरं."

"...माझ्या हलगर्जीपणामुळे टोचलेल्या पिल्लांच्या जागी दुसरी पिल्लं ठेवली गेली."

देवाप्पा मान खाली घालून ऐकत होते. कुणाच्या तरी आजाराची बातमी ऐकावी तसे. "म्होरं," ते म्हणाले.

पुढची ओळ अशी होती: ही गोष्ट मी माझ्या वरिष्ठांपासून लपवून ठेवली. ती इंग्रजीत वाचताना काही वाटलं नव्हतं. मराठीत करायला गेले आणि "ही गोष्ट मी" एवढं म्हणून माझा आवाज बंद पडला. ते वाक्य माझं होतं. शब्दन्‌शब्द माझं होतं, आणि मी ते या माणसाला त्याचं म्हणून वाचून दाखवत होते. मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले. मग मी कागद घेऊन सरळ व्यासपीठामागच्या खोलीत गेले.

सर एकटेच होते. काचेच्या स्लाइड उजेडात धरून क्रम लावत होते.

"सर, मी शनिवारी टोचलं नाही. सोमवारी टोचलं. देवाप्पा खरं बोलतात."

त्यांनी हातातली स्लाइड हळूच टेबलावर ठेवली. बाहेर सभागृहात खुर्च्या सरकत होत्या. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जन्मानंतर किती तासांनी?"

"चौपन्न."

"तास पाठ आहेत तुला."

"हो सर."

"का थांबलीस?"

"सिरिंजा पूजेत होत्या."

अजून काही कारण येईल म्हणून ते थांबले. आलं नाही. "एवढंच?"

"एवढंच."

ते खुर्चीवर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "परवा मी तुला विचारलं होतं."

"हो."

"काल बागेत मीच तुला सांगितलं, तो असं म्हणतो म्हणून."

"हो सर."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. दहाला चार मिनिटं होती. स्लाइड गोळा करत ते म्हणाले, "तुम्ही सभागृहात जाऊन बसा."

अडीच वर्षांत सरांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. मी कडेच्या खुर्चीवर बसले. सर व्यासपीठावर आले आणि त्यांनी भाषणाचा कागद काढलाच नाही. पहिली स्लाइड माझ्या वहीतल्या पानाची होती, पडद्यावर माझं अक्षर भिंतीएवढं दिसत होतं. सर इंग्रजीत म्हणाले, या पानावरची टोचणीची तारीख खरी नाही. या सतरा पिल्लांना जन्मदिवशी नव्हे, जन्मानंतर चौपन्न तासांनी टोचलं गेलं. हे मला आत्ता कळलं. माझा निष्कर्ष मी मागे घेतो. उंदीरघरात कुठलीही चूक झालेली नाही. वही माझ्या प्रयोगशाळेची आहे आणि जबाबदारी माझी आहे.

मग मागच्या रांगेतून एका पाहुण्यानं विचारलं, उशीर का झाला? सरांनी माझ्या दिशेला पाहिलं. "ज्यांनी टोचलं त्या इथे आहेत. त्या सांगतील."

मी उठले. आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, सिरिंजा पूजेत होत्या, म्हणून मी दोन दिवस त्यांना हात लावला नाही, असं सांगितलं. परदेशी पाहुण्यांतले काही हसले. वाईटपणानं नाही, प्रवासात ऐकलेली गंमत ऐकून हसावं तसं. आपली माणसं हसली नाहीत. त्यांनी माना खाली घातल्या, आणि ते मला जास्त लागलं. मी बसणार होते, पण पूजेवर सगळं ढकलून बसणं हाही एक पळपुटेपणा होता. म्हणून म्हणाले, ज्यांनी पूजा मांडली ते देवाप्पा मला सिरिंज काढून देत होते. मी नको म्हटलं. तारीख मी आधीच लिहून ठेवली होती, ती मी बदलली नाही. परवा विचारलं तेव्हाही मी खोटं सांगितलं.

एडिनबर्गच्या बाई हसल्या नव्हत्या. त्या काहीतरी लिहीत होत्या. मान वर करून त्या सरांना म्हणाल्या, म्हणजे जन्मदिवशी दार उघडं असतं आणि चौपन्न तासांनी बंद झालेलं असतं. दोन्ही प्रयोग मिळून आपल्याला आता हे माहीत आहे. सरांनी मान हलवली. दीड वर्षापूर्वी, त्या सोमवारी मी तोंड उघडलं असतं, तर हे त्यांचं त्यांनीच शोधलं असतं. पुढचं बोलणं त्या दाराबद्दल झालं, माझ्याबद्दल नाही, आणि हळूहळू सभागृहात नेहमीची कुजबुज परत आली.

भाषण संपल्यावर सर व्हरांड्यात माझ्याजवळ आले. "प्रबंध मागे घ्या," ते म्हणाले. "महिनाअखेरीला काम सोपवून जा." मी हो म्हणाले. खरं बोललं की हलकं वाटतं असं ऐकलं होतं. मला तसं काही वाटलं नाही. फक्त एक काम उरलं होतं आणि ते करताना तरी बरं वाटेल अशी आशा होती. देवाप्पांना सांगायचं होतं की कागद रद्द झाला, नोकरी शाबूत आहे, खोली शाबूत आहे. त्रिविक्रमांचा निरोप जायच्या आधी ते मी सांगावं असं मला वाटलं.

उंदीरघराला वळसा घालून मी मागे गेले. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत सामान बांधून झालेलं होतं. पितळेची भांडी एका गोधडीत, कपडे दुसऱ्या गोधडीत, दोन्हींवर सुताची दोरी आवळलेली. देव कोनाड्यातून काढून धुवट फडक्यात गुंडाळले होते. चूल विझवून, राख काढून, सारवून ठेवली होती, पुढे येणाऱ्या माणसाला स्वच्छ मिळावी म्हणून. गंगव्वा गाठोड्याला टेकून बसल्या होत्या. देवाप्पा तो पांढरा सदरा घालूनच उभे होते.

"झालं सगळं," मी म्हणाले. "मी सांगितलं सरांना. सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्हाला कुठेही जायचं नाही."

गंगव्वांनी डोळे मिटले आणि पदर तोंडाला लावला. देवाप्पांनी बांधलेल्या गाठोड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सायबांनी तुम्हाला पयल्यांदा कवा इचारलं?"

"परवा."

"परवा," ते म्हणाले. "आनी काल बागेत गेलासा तवा?"

"तेव्हाही विषय निघाला होता."

"मग तवा का न्हाई सांगितलंसा?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. मी भ्याले होते, माझं नाव जाईल म्हणून भ्याले होते, आणि तुमचं घर गेलं तरी माझं नाव राहील असं दोन दिवस मला चाललं होतं. हे उत्तर माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही.

गंगव्वा उठल्या आणि भांड्यांच्या गाठोड्याची दोरी सोडायला बसल्या. गाठ फार घट्ट होती, त्यांच्या बोटांना सुटेना. मी पुढे होऊन हात लावला. त्यांनी माझा हात धरून अलगद बाजूला ठेवला.

"ऱ्हाऊ द्या अक्का," त्या म्हणाल्या. "आमचं आमी सोडतो."

मी उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिले. बसा, असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही.